भाव उतरला, निकाल बदलला

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडचा आमवात. त्याच्या उपचारांचा इतिहास एरवी शोधांच्या अंगाने सांगतात. दरपत्रक हाताशी ठेवून तो वाचला की वेगळाच दिसतो.

येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या लेडर्ले प्रयोगशाळेतून आलेले अमिनोप्टेरिन या रुग्णांना उपयोगी पडते, असे अमेरिकेत गुबनर आणि सहकाऱ्यांनी १९५१ साली नोंदवले. पण तेव्हा कॉर्टिसोनचा बोलबाला होता. आदल्याच वर्षी त्याला नोबेल मिळाले होते. अमिनोप्टेरिनचे भावंड मेथोट्रेक्झेट. त्याला आमवातासाठी अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळायला १९८८ उजाडले. जुन्या, स्वस्त गोळीमागे पैसा लावायची कोणाला घाई नसावी, असे मला वाटते. आज उपचाराची सुरुवात बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायच्या याच गोळीने होते.

१९९८ पासून एटानर्सेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब ही जैविक औषधे बाजारात आली. गोळ्यांनी न हटणारा आजार त्यांनी आटोक्यात आला, यात शंका नाही. पण खर्च दर रुग्णामागे वर्षाला हजारो पौंड. सरकारी पैशातून कोणते उपचार द्यायचे हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २००२ मध्ये होकार दिला, तोही अटी घालून: आधी मेथोट्रेक्झेटसह दोन औषधे वापरून झालेली हवीत आणि आजार तीव्र हवा. मध्यम आजाराच्या रुग्णांना २०१६ मध्येही नकारच मिळाला. निरोगी आयुष्याच्या एका वर्षामागे साधारण वीस ते तीस हजार पौंड ही संस्थेची तेव्हाची मर्यादा होती, आणि हिशेब तिच्यात बसत नव्हता. सांधे आणखी बिघडेपर्यंत थांबायला लावणारा हा नियम मला आजही निष्ठुर वाटतो.

दरम्यान २०१३ मध्ये अमेरिकेतील एका चाचणीने पंचाईत केली. मेथोट्रेक्झेट, सल्फासॅलझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे जुने त्रिकूट मेथोट्रेक्झेट-एटानर्सेप्टच्या जोडीपेक्षा कमी पडले नाही. चार वर्षांनी त्याच चाचणीचा खर्च मांडला गेला. त्रिकुटाऐवजी एटानर्सेप्टच्या इंजेक्शनने सुरुवात केली, तर निरोगी आयुष्याच्या एका जादा वर्षासाठी, आयुष्यभराचा हिशेब धरूनही, पाच लाखांहून अधिक डॉलर पडत होते.

मग पेटंटे संपत गेली. याच जैविक औषधांपैकी अडालिमुमॅबची पहिली प्रतिकृती भारतात झायडसने डिसेंबर २०१४ मध्येच आणली होती; युरोपात अशा प्रतिकृती बाजारात यायला ऑक्टोबर २०१८ लागला. भाव कोसळले आणि २०२१ मध्ये ‘नाइस’ने मध्यम आजारासाठीही अडालिमुमॅब, एटानर्सेप्ट आणि इन्फ्लिक्सिमॅबला हिरवा कंदील दाखवला. औषधे जुनीच, आजारही तोच. पाच वर्षांत बदलली होती ती मुख्यतः किंमत.

भारतात भाव आधी उतरला, तरी इथला रुग्ण बहुतेकदा स्वतःच्या खिशातूनच पैसे भरतो. नकार देणारी समिती त्याच्या वाट्याला येत नाही. पुढचे इंजेक्शन घ्यायचे की महिनाभर लांबवायचे, हे घरातच ठरते.