एका स्वराची बैठक

आमच्या केनवडच्या घरीं एक जुना तंबोरा आहे. पण गेलीं कित्येक वर्षें तो गवसणींतून बाहेर निघालेला नाहीं. तारा बदलावयास आणि जवारी काढावयास माणूस मिळत नाहीं, म्हणून आमचे वडील बंधू अण्णा रोज पहाटे विजेच्या तंबोऱ्याची पेटी सुरू करून षड्ज लावतात. त्याच अण्णांनीं, धाकट्या भावाच्या मुलानें नोकरींतील शिल्लक खर्चून सिंथेसायझर आणला तेव्हां, दोन महिने त्याच्याशीं अबोला धरला. यंत्र वाजविणारा तो कारागीर, कलावंत नव्हे, एवढेंच ते बोलले. अबोला शिरलेल्या घरांत पंक्तीला बसणें किती अवघड होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

अशांत एक तरुण वादक वाशीमला येणार असल्याची बातमी पुतण्यानें आणली. मीं अण्णांना कसेंबसें एस. टी. त बसविलें.

सतरंजीवर तीसेक श्रोते. समोर टेबलावर दोन लहान पेट्या आणि वायरींचें जाळें. साथीदार नाहीं, रंगीत दिवे नाहींत. प्रथम खर्जांतला एकच स्वर निघाला आणि पांच मिनिटें तोच राहिला. शेजारचे गृहस्थ जांभया देऊं लागले. मग वादकानें एक बटण हळूहळू फिरविलें, आणि त्या स्वराच्या पोटांतले वरचे स्वर एकेक करून उजेडांत आले. तंबोऱ्याच्या तारेखालीं सुताचा धागा सरकविला म्हणजे जें घडतें, तेंच येथें बटणानें घडत होतें. अण्णांनीं मान वर केली. मीं त्यांच्याकडे पाहण्याचें टाळलें.

इतक्यांत वीज गेली! वऱ्हाडांतल्या श्रोत्यांना त्याचें नवल नाहीं, पण गवई काळोखांतहि गाऊं शकतो. या बिचाऱ्याच्या पेट्या मुक्या झाल्या. त्या अंधारांत अण्णांनीं दोन महिन्यांनंतर पुतण्याला पहिला प्रश्न विचारला, "आपल्याकडे हें प्रथम कोणी केलें रे?"

"प्रथम कोणी तें नाहीं सांगतां येणार, अण्णा. पण मुंबईचे चरणजित सिंग तरी आपलेच," तो म्हणाला, आणि मग भडभडां सांगूं लागला. सिनेमाच्या वाद्यवृंदांत अनेक वाद्यें वाजविणाऱ्या या गृहस्थांनीं 1982 मध्यें तीन जपानी यंत्रांवर भैरवी, ललत, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. त्यांतलें एक यंत्र मूळचें गिटारवाल्याला खर्जाची साथ मिळावी म्हणून बनविलेलें. पण त्यांत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, आणि मींडेची संवय असलेल्या सिंगांना तीच हवी होती. तबकडी खपली नाहीं. 1987 मध्यें अमेरिकेंतील शिकागोच्या तरुणांनीं तसल्याच यंत्रावर बनविलेल्या तबकडीनें मात्र एका नव्या नृत्यसंगीताचें नांव झालें. त्यांना सिंगांचें नांवहि ठाऊक नसावें. पुढें 2002 मध्यें एका डच संग्राहकाला ती तबकडी दिल्लींत सांपडली, 2010 मध्यें ती पुन्हा निघाली, आणि उतारवयांत सिंग युरोपांत वाजवूं लागले. 2015 मध्यें ते वारले.

"ललत, आणि डिस्कोच्या ठेक्यावर!" अण्णा म्हणाले. "अत्याचारच तो." मलाहि तें पटलें, ठेका इतका नेमका, कीं रागाला श्वास घ्यायला जागाच उरत नाहीं. परंतु अण्णा लगेच म्हणाले, "मींडेचें मात्र त्याला सुचलें खरें."

वीज आली तोंवर दहाबारा माणसें उठून गेलीं होतीं. वादकानें जेथें तुटलें होतें तेथून धागा उचलला नाहीं. पुन्हा तोच खर्जाचा स्वर लावला, आणि या वेळीं पांच मिनिटें बटणाला हातहि लावला नाहीं. मला तें आधींच्या सबंध वादनाहून अधिक आवडलें.

परतीच्या गाडींत अण्णा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. रिसोड मागें पडल्यावर पुतण्याला म्हणाले, "उद्यां पहाटे तुझें तें धूड माजघरांत आण. माझा षड्ज काळी एकचा आहे, तेवढें जुळवून ठेव."