भंगाराचा हिशेब आता संगणकावर

मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल हल्ली जाडजूड झाले आहेत. वीज किती जाळली, पाणी किती वापरले, कचऱ्याचे काय केले, हेही त्यात सांगावे लागते. शेअर बाजारातील पहिल्या १००० कंपन्यांवर सेबीने २०२२-२३ पासून तशी सक्तीच केली आहे. कुर्ल्याच्या गाळ्यात जुने संगणक खोलणाऱ्या आमच्या भावाचा याच्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो थेट रोजीरोटीशी आहे.

ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. टीव्ही, फ्रिज, मोबाइल बनवणाऱ्या कंपनीने ठरावीक माल पुन्हा वापरात आणल्याचे दाखवायचे. पहिली दोन वर्षे ६० टक्के, मग ७०, आणि २०२७-२८ पासून ८०. कंपनी काही स्वतः हातगाडी घेऊन फिरत नाही. नोंदणी झालेला कारखाना भंगारातून तांबे, सोने, लोखंड, अॅल्युमिनियम काढतो. त्याची प्रमाणपत्रे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर तयार होतात आणि कंपनी ती विकत घेते. २०२४ मध्ये सरकारने या दरालाही खालची मर्यादा घातली. घरगुती इलेक्ट्रॉनिक मालासाठी किलोमागे २२ रुपये. त्यावर काही कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या.

हा पैसा कारखान्याच्या खात्यात जातो. पोर्टलवर नोंदणी उत्पादकांची, दुरुस्ती करून विकणाऱ्यांची आणि पुनर्वापर कारखान्यांची. २०१६ च्या नियमांत माल सुटा करणाऱ्याला वेगळे स्थान होते; नव्या नियमांत ते राहिले नाही. माल पुढे जातो, तो गोळा करणाऱ्याचे नाव मात्र मागेच राहते.

संगणकावर आले म्हणजे खरेच झाले, असेही नाही. प्लॅस्टिकच्या अशाच पोर्टलवर २०२३ मध्ये लाखो बनावट प्रमाणपत्रे उघडकीस आली. माल नाही, नुसता कागद! आमच्याकडे उलटे आहे. माल आहे, कागद नाही.

म्हणून भंगार व्यापारी बांधवांना आमचे सांगणे आहे की, वायरी जाळणे आणि तेजाबात पाट्या बुडवणे आजच थांबवा. त्यात फुप्फुसेही जातात आणि कायदाही आड येतो. नोंदणी झालेल्या कारखान्यालाच माल द्या, काट्याची पावती आणि बिल मागून घ्या. जुने संगणक, मोबाइल दुरुस्त करून विकणाऱ्यांनी पोर्टलवर स्वतःची नोंदणी करून घ्यावी. एकट्याला कारखान्याशी भाव करणे जमत नसेल, तर चार-पाच गाळेवाल्यांनी एकत्र माल भरून पाहावा.