कोयता बाहेर पडला, गावात म्हातारी माणसं राहिली : सहा महिने त्यांच्याकडे कोण बघणार?

शेवगाव : दसरा झाला की मुकादमांचे फोन सुरू होतात. उचल घेतलेली असते, टोळी ठरलेली असते. दिवाळी आटोपली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कोंबड्या, लहान लेकरं चढतात आणि अर्धी वस्ती रिकामी होते. तालुक्यातच नजीक बाभुळगावला गंगामाई आणि बोधेगावला केदारेश्वर असे साखर कारखाने आहेत. तरीही पाथर्डी आणि बीडच्या हद्दीला लागून असलेल्या गावांतली माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, थेट कर्नाटकापर्यंत जातात. परत येतात ती पाडव्याच्या आगेमागे.

मागे राहतात ती म्हातारी माणसं. कुणाच्या सोबतीला शाळेत जाणारी नातवंडं असतात, कुणाच्या दोन शेळ्या, कुणाचं दार अगदी एकटं. पोरगा-सून हौसेनं सोडून जात नाहीत, पोटासाठी जातात. त्यामुळे "पोरं सांभाळत नाहीत" असं म्हणून हा विषय संपत नाही. खरा प्रश्न हा आहे की, पोरं दोन-तीनशे किलोमीटरवर असताना रात्री म्हातारी पडली तर पहिल्यांदा कुणाला कळणार?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात १०० पैकी जवळपास १० माणसं साठी ओलांडलेली होती. त्यानंतर हा आकडा वाढतच चालला आहे. सगळ्यांना वृद्धाश्रमात ठेवणं शक्य नाही आणि कुणाला तिथं जायचंही नसतं. आपल्या घरात, आपल्या ओट्यावरच म्हातारपण काढायचं असेल, तर गावानं तीन-चार गोष्टी लावून घ्याव्या लागतील. त्यातल्या बहुतेकांना पैसा लागत नाही.

पहिलं काम : यादी

गावात एकटं किंवा फक्त नातवंडांसोबत राहणारं म्हातारं माणूस कोण, हे सगळ्यांना "माहीत" असतं, पण कागदावर नसतं. वेळ आली की तिथंच अडतं. टोळ्या निघण्याआधी एका वहीत प्रत्येक माणसामागे एवढं लिहून ठेवा :

– नाव, वय, वस्ती आणि घर ओळखायची खूण
– कोणता आजार आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत
– मुलगा, सून आणि गावातच किंवा जवळपास दिलेली लेक यांचे मोबाईल नंबर
– मुकादमाचा नंबर आणि टोळी कोणत्या कारखान्यावर आहे त्याचं नाव
– शेजारचं एक घर, जे रोज डोकावेल

मुकादमाचा नंबर का? फडात फोन चार्ज करायची सोय नसते. पोराचा फोन बंद लागला तर निरोप मुकादमाकडूनच पोचतो.

ही यादी आशाताई, अंगणवाडीताई आणि बचत गटाच्या बायका मिळून दोन दिवसांत करू शकतात, कारण त्यांचं घरोघरी जाणं असतंच. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक आशाताईकडे आणि एक पोलीस ठाण्यात द्या. ज्येष्ठांच्या संरक्षणासाठी राज्यानं २०१० मध्ये केलेल्या नियमांत, पोलीस ठाण्यानं हद्दीतल्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवावी आणि महिन्यातून एकदा तरी त्यांची भेट घ्यावी, असं म्हटलेलं आहे. गावानं तयार यादी नेऊन दिली तर हे काम मागायला सोपं जातं.

दुसरं काम : रोजची हजेरी

आपल्याकडे हजेरीची जुनी सोय आहेच. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगाव पहाटेचा काकडा असतो. रोज येणारी म्हातारी एक दिवस दिसली नाही तर बायका परत जाताना तिच्या दारावर थाप मारून जातात. यालाच हजेरी म्हणायचं.

अडचण अशी की काकडा महिनाभरात संपतो आणि टोळ्या पाच-सहा महिने बाहेर असतात. म्हणून काकडा संपला तरी बसणं थांबवू नका. संध्याकाळचा हरिपाठ मंदिरात, समाजमंदिरात किंवा वस्तीवरच्या एखाद्या ओट्यावर चालू ठेवा. ज्यांना हरिपाठाला यायचं नाही त्यांच्यासाठी चहाची वेळ ठरवा. नियम एकच : जो आला नाही, त्याच्या घरी त्याच दिवशी कुणीतरी जाऊन यायचं.

लांबच्या वस्तीवर चालत येणं जमत नाही. तिथं दुधाची गाडी, शाळेत जाणारी पोरं किंवा शेजारचं घर यांच्यावर हे काम सोपवता येतं. सकाळी दार उघडलं का, चूल पेटली का, एवढं बघितलं तरी पुष्कळ.

नुसतं बसवून ठेवू नका, काम द्या

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. तिथले जिल्हा परिषद शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी साडी हा गणवेश नेसून, दप्तर घेऊन दुपारी दोन तास शाळेत बसू लागल्या. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टनं मदत केली. आज्या सही करायला शिकल्या हे तर झालंच. पण दुपारची वेळ निवडली ही त्यातली खरी शहाणपणाची गोष्ट. सकाळी कामं असतात, संध्याकाळी स्वयंपाक असतो. दुपारीच घर खायला उठतं.

आपल्याकडे शाळाच काढली पाहिजे असं नाही. गोधडी शिवणं, शेवया-कुरडया, बी-बियाणं निवडणं, अंगणवाडीत पोरांना गोष्टी सांगणं, असं जे हाताला जमेल ते चौघांनी मिळून करायचं. आजोबांना पारावर पेपर वाचून दाखवायला आठवीतलं पोरगंही चालतं. गावात पंचवीस-तीस माणसं तयार असतील तर ज्येष्ठ नागरिक संघ काढता येतो. राज्यातल्या अशा संघांचा 'फेस्कॉम' हा महासंघ १९८० पासून काम करतो.

गोळ्या आणि दवाखाना

बीपी आणि शुगरच्या गोळ्या मध्येच बंद होणं हा एकट्या म्हाताऱ्या माणसाला सगळ्यात मोठा धोका. पोरगा होता तोवर शेवगावातून गोळ्या आणत होता, तो गेला की गोळ्या संपतात आणि "आता बरं वाटतंय" म्हणून राहून जातं. गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, बीपी-शुगरची तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचारांना पैसे लागत नाहीत. आशाताईनं महिन्याचा एक वार ठरवून यादीतल्या माणसांच्या गोळ्या बघितल्या तर खूप फरक पडतो.

वय ७० पूर्ण असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय सुरू आहे. उत्पन्नाची अट नाही, योजनेतल्या दवाखान्यांत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. आधार कार्ड लागतं. पोरं गावात असतानाच काढा, दवाखान्याच्या दारात ऐनवेळी धावपळ नको.

घरातही दोन-तीन गोष्टी बघा. न्हाणीत पाय घसरू नये म्हणून खडबडीत फरशी किंवा गोणपाट, रात्री उशाशी बॅटरी, आणि भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहिलेले नंबर : १०८ रुग्णवाहिका, ११२ पोलीस.

पैसा : टोळी निघण्याआधी ही कागदं बघा

– श्रावणबाळ योजना : वय ६५ च्या पुढे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत. जुलै २०२३ पासून महिना १,५०० रुपये. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला तर पैसे अडकतात. रक्कम आता थेट आधार जोडलेल्या खात्यात येते, म्हणून खातं चालू आहे ना बघा.
– मुख्यमंत्री वयोश्री योजना : वय ६५, कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत. चष्मा, काठी, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये.
– एसटी : ७५ वर्षांपुढे राज्यात प्रवास मोफत, ६५ ते ७५ अर्धं तिकीट. महिलांना सगळ्याच वयात अर्धं तिकीट. आधार कार्ड जवळ ठेवा.
– रेशन : हाताच्या रेषा झिजल्यानं अंगठा उमटत नाही ही नेहमीची तक्रार. डोळ्यांच्या स्कॅनची सोय आहे का ते दुकानदाराला विचारा. घरातल्या सगळ्यांची ई-केवायसी टोळी निघण्याआधी उरका.
– बँक लांब असेल तर : पोस्टमन किंवा गावातला बँक मित्र आधारवर पैसे काढून देतो. किती काढले ते शिकलेल्या पोराकडून पासबुकात किंवा पावतीवर बघून घ्या. पिन आणि ओटीपी मात्र कुणालाच सांगू नका, मग तो ओळखीचा का असेना.

जमीन नावावर केली आणि नंतर कुणी विचारत नाही, तर?

सगळीच घरं सारखी नसतात. काही ठिकाणी पोरं गावातच असतात, पण विचारत नाहीत. अशा वेळी २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा कामाला येतो. राज्यात तो १ मार्च २००९ पासून लागू आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढे करायचा. शेवगाव तालुक्यासाठी प्रांत कार्यालय पाथर्डीला आहे. साध्या कागदावर अर्ज चालतो. महिना १० हजारांपर्यंत निर्वाह खर्च मंजूर होऊ शकतो.

जमिनीबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बक्षीसपत्र करताना "मला शेवटपर्यंत सांभाळायचं" ही अट त्याच कागदात लिहून घ्या. कायद्याच्या कलम २३ नुसार अट मोडली तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूनं निकाल देत मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द ठरवलं आणि हे कलम ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूनं वाचलं पाहिजे असं सांगितलं. पण तोंडी शब्दावर विसंबू नका. अट लिहिलेली नसेल तर प्रकरण अवघड होतं. सगळी जमीन एकदम नावावर करण्याची घाईही करू नका.

कुठं जायचं कळत नसेल तर १४५६७ हा 'एल्डरलाइन' नंबर लावा. सकाळी ८ ते रात्री ८, फोन मोफत. पेन्शन, कायदा, छळ, किंवा नुसतं मन मोकळं करायचं असलं तरी चालतं.

सुरुवात कधी करायची?

१ ऑक्टोबर हा जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा. बहुतेक टोळ्या त्यानंतर निघतात. म्हणजे पोरं, सुना, मुकादम आणि म्हातारी माणसं सगळी गावात असतात, असा हा शेवटचा मोकळा मोका. त्या ग्रामसभेत तीन ठराव घ्या : एकट्या ज्येष्ठांची यादी, रोजच्या हजेरीची जागा आणि वेळ, आणि आशाताईच्या गोळ्यांचा वार. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, म्हणजे पुढच्या सभेत विचारता येतं.

ग्रामसभा होऊन गेली असेल तरी हरकत नाही. आज संध्याकाळी आपल्या आळीतल्या, टोळी गेलेल्या एका घरात जाऊन या. भिंतीवर मुलाचा आणि मुकादमाचा नंबर लिहिलाय का बघा. नसेल तर लिहून या.