इको की रिव्हर्बरेशन?

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसणार असाल तर एक सवय आत्ताच लावून घ्या. ज्या शब्दाचा अर्थ आपल्याला 'माहीतच आहे' असं वाटतं, तो शब्द आधी तपासायचा. मला ही सवय जरा उशिरा लागली.

माझा पहिला प्रस्ताव वर्गखोल्यांवर होता. खोलीत आवाज घुमतो आणि शिकवलेलं मागच्या बाकावर नीट कळत नाही, हा प्रश्न होता. शीर्षकात मी बिनधास्त 'इको' लिहून टाकलं. मॅडमनी विचारलं, "खोली केवढी?" म्हटलं, "सात मीटर लांब." "मग इको येणार कुठून?"

आता हिशोब करू. इको म्हणजे प्रतिध्वनी: मूळ आवाजानंतर तोच आवाज पुन्हा, सुटा ऐकू येणं. शाळेत शिकलेलं आठवा. आवाजाची संवेदना सुमारे ०.१ सेकंद टिकते आणि २२ अंश सेल्सिअसला हवेत ध्वनीचा वेग साधारण ३४४ मीटर प्रति सेकंद असतो. म्हणजे जाऊन-येऊन ३४.४ मीटर, म्हणून भिंत किमान १७.२ मीटर दूर हवी. ०.१ हा आकडा ढोबळ आहे, पण माझ्या खोलीत आवाज ०.०४ सेकंदातच परत येत होता. तो सुटा ऐकू येणं शक्यच नव्हतं.

मग घुमत होतं ते काय? रिव्हर्बरेशन, म्हणजे निनाद. भिंती, छत, फरशी यांवरून आवाज पुन्हा पुन्हा परावर्तित होतो. ती सगळी परावर्तनं एकमेकांत मिसळतात आणि बोलणं थांबलं तरी आवाज हळूहळू विरत राहतो. कड्यासमोर हाक मारली की येतो तो प्रतिध्वनी. सामान लावण्याआधी रिकाम्या घरात बोललं की ऐकू येतो तो निनाद.

हा निनाद मोजायला शिकवलं वॉलेस सॅबिन यांनी. १८९५ मध्ये हार्वर्डच्या फॉग म्युझियममधलं व्याख्यानगृह सुधारण्याचं काम त्यांच्याकडे आलं. तिथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळायचा. सॅबिन रात्री सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवायचे, ऑर्गनची नळी वाजवायचे आणि आवाज विरायला लागणारा वेळ मोजायचे. त्यातून सूत्र मिळालं: निनादकाल = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ एकूण ध्वनिशोषण (मीटरमध्ये मोजल्यास). निनादकाल म्हणजे आवाजाची पातळी ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ.

शब्द बदलला की प्रयोगही बदलतो, तो असा. इको म्हटलं तर तुम्ही दोन आवाजांमधलं अंतर मोजाल आणि कुठली भिंत आवाज परत पाठवते ते शोधाल. रिव्हर्बरेशन म्हटलं तर आवाज विरण्याचा वेळ मोजाल आणि पडदे, गाद्या, शोषक फलक यांचा विचार कराल. मी जुन्याच शीर्षकाने पुढे गेले असते, तर खोलीत नसलेली गोष्ट मोजत बसले असते.

तेव्हा तुमच्या शीर्षकातला मुख्य शब्द घ्या आणि स्वतःला विचारा: हे मी नेमकं कशाने आणि कोणत्या एककात मोजणार? उत्तर अडखळलं, तर आधी शब्द तपासा.