रंगाआधी माप

मुंबईच्या रस्त्यांवरील प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पण काही घरांच्या अंगणात ही गाडी अजून उभी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० च्या नमुन्यावर ती तयार होई. अशाच एका गाडीचे इंजिन आम्ही घरी उघडले.

त्याआधी आमची एक चूक झाली होती. गाडी निळसर धूर सोडत होती, म्हणजे पेट्रोलबरोबर इंजिनातले तेलही जळत होते. तरी आम्ही इंजिन न उघडता वरून नुसता रंग दिला. दोन महिन्यांत रंगाचे पापुद्रे सुटले आणि धूर तसाच राहिला.

तेल जळते कशामुळे? पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला टेकून तेल खाली खरवडतात. भिंत झिजली की तेल वर निसटते. ही झीज सगळीकडे सारखी नसते. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबून परत फिरतो. तिथे तेलाचा थर सर्वांत पातळ आणि ज्वलनाचा दाब सर्वांत जास्त, म्हणून झीजही तिथेच अधिक. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरपा होताना पिस्टन बाजूला रेटला जातो आणि गोल सिलिंडर किंचित लंबगोल होतो.

ही झीज साध्या साधनांनी मोजता येते. पिस्टनवरून काढलेली रिंग सिलिंडरच्या तळाशी, जिथे रिंगा पोचत नाहीत अशा जागी, आडवी बसवायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजायची. आम्हाला ती ०.३० मिमी मिळाली. वरच्या टोकाजवळ तीच फट ०.९३ मिमी भरली. परीघ ०.६३ मिमीने वाढला, त्याला ३.१४ ने भागले की व्यासातली वाढ मिळते ०.२० मिमी! हा अर्थात सरासरी व्यास झाला; लंबगोलपणा पाहायला बोअर गेजच लागतो.

झिजलेला सिलिंडर लेथवाल्याकडून बोअर करून घ्यावा लागतो आणि त्या मापाचे मोठे पिस्टन बसवावे लागतात. मूळ व्यास ६८ मिमी, पिस्टनची धाव ७५ मिमी, सिलिंडर चार. आकारमान येते १०८९ घनसेंमी. व्यास ०.४ मिमीने वाढवला तर ते सुमारे ११०२ होते.

रंगाची पाळी यानंतर. बिडाचा ब्लॉक गंजतो, म्हणून त्याला रंग हवा. रंग धातूला धरतो, तेलाला नाही. आधी रॉकेलने, मग साबणाच्या गरम पाण्याने धुऊन ब्लॉक पूर्ण वाळवायचा. रॉकेलचे काम उघड्यावर, विस्तवापासून दूर करावे. तारेच्या ब्रशने गंज काढून उष्णतारोधक रंगाचे पातळ हात द्यायचे. पॅकिंग बसते ती पृष्ठे मात्र टेप लावून कोरी ठेवायची. तिथला रंग गळतीला वाट देतो. हेडचे नट मधल्यापासून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे. एकदम आवळले तर ॲल्युमिनियमचे हेड वाकते.

हे माप वर्गातही घेता येईल. जवळजवळ सारख्या जाडीचे दोन डबे आणि परिघाहून थोडी आखूड अशी पुठ्ठ्याची एकच पट्टी घ्या. ती दोन्ही डब्यांत आतून बसवून टोकांमधली फट मोजायला मुलांना सांगा. फटींतल्या फरकावरून व्यासांतला फरक त्यांना स्वतःच काढता येईल.