अंकीय ध्वनिनियंत्रण आणि ध्वनीची गुणवत्ता : एक विवेचन

बीजसंज्ञा : अंकीय ध्वनी, बिट, पूर्णांकन, डिदर, खरखर

प्रस्तावना :

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात १९८२ हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. सोनी व फिलिप्स या कंपन्यांनी विकसित केलेली कॉम्पॅक्ट डिस्क त्या वर्षी बाजारात आली आणि अंकांच्या रूपातील ध्वनी सर्वसामान्य श्रोत्याच्या घरी पोहोचला. आज मोबाईल, संगणक, दूरचित्रवाणी संच अशा बहुतेक साधनांत आवाज कमी-अधिक करण्याचे काम गणिती क्रियेने होते. या क्रियेत ‘बिट’ गळतात आणि संगीताचा दर्जा खालावतो, असा समज अनेक श्रोत्यांत आढळतो. हा समज कोठवर खरा आहे आणि त्याचा श्रोत्याशी काय संबंध पोहोचतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१) अंकीय ध्वनीचे स्वरूप :

कॉम्पॅक्ट डिस्कवर प्रत्येक बाजूच्या ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने नोंदलेले असतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा असल्याने त्याला ६५,५३६ पैकी एक मूल्य घेता येते. एक बिट वाढला की पातळ्यांची संख्या दुप्पट होते आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत सूक्ष्म ध्वनीतील अंतर सुमारे ६ डेसिबलने वाढते. त्यामुळे १६ बिटांत हे अंतर सुमारे ९६ डेसिबल भरते.

२) आवाज कमी करण्याची क्रिया :

आवाज कमी करणे म्हणजे प्रत्येक नमुन्याला एकाहून लहान संख्येने गुणणे होय. समजा, १०००, १००१, १००२ व १००३ या नमुन्यांना ०.३ ने गुणले. उत्तरे ३००, ३००.३, ३००.६ व ३००.९ अशी येतील. साधनात अपूर्णांकाला जागा नसेल, तर ती ३००, ३००, ३०१, ३०१ अशी नोंदली जातील. मूळच्या चार भिन्न मूल्यांपैकी दोनच उरली. आवाज २४ डेसिबलने उतरवला, तर १६ बिटांपैकी जवळजवळ चार बिट अशा रीतीने निरुपयोगी होतात.

यातील अधिक गंभीर बाब अशी की, पूर्णांकनाची ही चूक मूळ ध्वनीच्या चालीने बदलत राहते. म्हणून ती कानाला विकृती म्हणून जाणवते. तंबोऱ्याच्या तारेचा विरत जाणारा नाद अशा वेळी खरबरीत होतो आणि अखेरीस एकाएकी तुटतो.

३) डिदरचा उपाय :

पूर्णांकनापूर्वी प्रत्येक उत्तरात अतिसूक्ष्म यादृच्छिक संख्या मिसळण्याच्या पद्धतीस ‘डिदर’ म्हणतात. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६२ मध्ये चित्रांच्या संदर्भात या तत्त्वाचा उपयोग दाखविला. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे व्हँडरकॉय व लिपशित्झ यांनी १९८४ मध्ये ध्वनीच्या संदर्भात त्याचे विश्लेषण केले. डिदर नसेल, तर ३००.३ हे उत्तर प्रत्येक वेळी ३०० असेच नोंदले जाते. डिदर असेल, तर ते कधी ३००, कधी ३०१ होते. परंतु सरासरी ३००.३ हीच राहते. परिणामी विकृतीच्या जागी मंद, एकसारखी खरखर येते आणि सर्वांत लहान पातळीहून सूक्ष्म असलेला नादही तिच्यातून ऐकू येऊ शकतो.

४) वाढीव बिटांची सोय :

गणित व रूपांतर २४ बिटांत होत असेल, तर १६ बिटांच्या नमुन्याखाली आठ बिटांची जागा मोकळी असते. त्यामुळे आवाज ४८ डेसिबलने उतरवला, तरी मूळ माहिती व्यवहारतः शाबूत राहते. २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून त्या प्रणालीतील ध्वनीचे मिश्रण ३२ बिटांच्या ‘फ्लोटिंग पॉइंट’ स्वरूपात होते. अशा साधनांत बिट गळण्याची भीती बहुतांशी निराधार ठरते.

५) खरी मर्यादा :

अंकांचे विद्युत्संकेतात रूपांतर करणाऱ्या घटकाला, म्हणजे रूपांतरकाला, स्वतःची खरखर असते. २४ बिटांचे सैद्धांतिक अंतर १४४ डेसिबल असले, तरी चांगले रूपांतरक प्रत्यक्षात १२० डेसिबलच्या आसपास पोहोचतात. अंकीय नियंत्रणाने आवाज ४० डेसिबलने उतरवला की संगीत खाली येते, खरखर मात्र जागेवरच राहते. अंतर ८० डेसिबल उरते. रूपांतरकानंतरचे फिरते ॲनालॉग बटण संगीत व रूपांतरकाची खरखर दोन्ही उतरवते. तथापि, त्याची कार्बनची पट्टी झिजते आणि कमी आवाजात डाव्या-उजव्या बाजूंचा समतोल बिघडतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. अंकीय नियंत्रणाने आवाज उतरवल्यास खरखर वाढत नाही. संगीत थांबविल्यावर नेहमीच्या बैठकीतून ती ऐकू येत नसेल, तर मंद आवाजातही ती ऐकू येणार नाही. ऐकू येत असल्यास ॲम्प्लिफायरची पातळी गरजेपेक्षा अधिक असण्याचा संभव असतो. ती उतरवून अंकीय पातळी वर घेणे, हा त्यावरील बिनखर्चाचा उपाय आहे.

६) श्रोत्याच्या दृष्टीने महत्त्व :

मोबाईलला हेडफोन थेट जोडलेला असताना आवाज उतरविण्याचे दुसरे साधन बहुधा नसते. अशा स्थितीत दर्जा राखण्यासाठी आवाज पूर्ण ठेवणे म्हणजे कानाला इजा करून घेणे होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकात प्रौढांसाठी ८० डेसिबलची मर्यादा आठवड्याला ४० तास अशी धरली आहे. मोठ्या आवाजाने नष्ट झालेल्या अंतर्कर्णातील केसपेशी माणसात पुन्हा निर्माण होत नाहीत.

समारोप :

अंकीय ध्वनिनियंत्रण स्वभावतः सदोष नाही. अपुरे बिट आणि डिदरचा अभाव असेल तेथे ते ध्वनी बिघडवते. पुरेसे बिट व योग्य पातळ्या असतील तेथे त्याची हानी कानाच्या आवाक्याबाहेर राहते. म्हणून मंद आवाजात संगीत ऐकणाऱ्याने दर्जाची चिंता करण्याचे कारण नाही. गळालेल्या बिटांची भरपाई साधनात करता येते. गमावलेल्या श्रवणशक्तीची तशी करता येत नाही.