कान्हेरीचा उतार आणि हातातला ब्रेक

परळ, लालबाग, नायगाव, दादर या आपल्या भागात मुलांना सायकलसाठी उतार मिळतो तो बहुतेक उड्डाणपुलावरच. रात्री रहदारी कमी झाली की वस्तीतली पोरे पुलाच्या वरच्या टोकाला जमतात आणि सुसाट खाली येतात. काहींनी ब्रेक काढून टाकलेले असतात, कारण ब्रेक नसलेली सायकल चालवणारा तो खरा हिरो! डोक्यावर हेल्मेट कुणाच्याच नसते. पडला की आई-वडिलांना सांगायचे नाही, घरी हळद लावून गप्प झोपायचे, असा यांचा अलिखित कायदा.

आम्ही वस्त्यांमधून आरोग्याचे काम करणाऱ्या बाया. मुलांना रागावून हा प्रकार थांबत नाही, हे आम्ही अनेक वर्षे पाहतो आहोत. वेगाची ओढ वाईट नाही. वाईट आहे ती जागा, ती वेळ आणि ब्रेकशिवायची सायकल. म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही "सायकल बंद करा" असे सांगणार नाही. उतार कुठे, केव्हा आणि कसा उतरायचा ते सांगणार आहोत.

जगात हा मान्य खेळ आहे

डोंगरावरून सायकलने खाली येणे हा आज जगभर खेळला जाणारा खेळ आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात माउंट तमालपाईस डोंगराच्या परिसरात काही तरुण जुन्या जड सायकली घेऊन मातीच्या उतारावरून उतरू लागले. १९७६ साली तिथे शर्यती सुरू झाल्या. त्या रस्त्याला नाव पडले 'रीपॅक'. त्या सायकलींचा ब्रेक पॅडल उलटे दाबून लागायचा. एका उतारात तो इतका तापायचा की आतले ग्रीस जळून जायचे आणि खाली पोहोचल्यावर नवे भरावे लागायचे. म्हणजे या खेळाच्या पहिल्या दिवसापासून सगळे बोलणे ब्रेकभोवतीच फिरते आहे.

कॅनडातील व्हिसलर येथे या खेळाचे मोठे पार्क आहे. हिवाळ्यात बर्फावर घसरणाऱ्यांना वर नेणारे पाळणे उन्हाळ्यात माणूस आणि सायकल दोघांना डोंगरावर नेतात. वाटांना अवघडपणानुसार रंग दिलेले असतात: हिरवी वाट नवख्यांची, निळी मधली, काळी तयारीच्यांची. मोठ्या उताराला जाणारे हनुवटीपर्यंत चेहरा झाकणारे हेल्मेट घालतात, गुडघ्यांना आणि कोपरांना पट्टे बांधतात. आपल्या पोरांनी मोबाइलवर या उड्या पाहिलेल्या असतात. त्या उड्यांमागचा सराव आणि अंगावरचे ते सामान मात्र त्यांच्या नजरेतून सुटते.

असे पार्क मुंबईत नाही. पण एक डांबरी उतार आपल्याजवळ आहे, आणि तो ज्या ठिकाणाहून खाली येतो ते ठिकाण आपले आहे.

कान्हेरी: लेण्यांपर्यंत चढ, परतताना उतार

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य दारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सुमारे सहा किलोमीटरचा रस्ता जातो. आधी सपाट, मग चढ. दाराजवळ सायकली भाड्याने मिळतात. जाताना घाम निघतो आणि येताना उतार मिळतो. दादरहून लोकलने बोरिवली, तिथून पूर्वेकडे पायी पंधरा-वीस मिनिटे, इतका सोपा प्रवास. सोमवारी उद्यान बंद असते, हे लक्षात ठेवा.

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. या काळ्या दगडात सुमारे हजार वर्षे भिक्खू संघ नांदला. शंभराहून अधिक लेणी इथे आहेत. तीन क्रमांकाच्या लेण्यात भव्य चैत्यगृह आहे आणि त्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना बुद्धांच्या उंच उभ्या मूर्ती आहेत. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानाचे शिलालेख आहेत. आरोग्याच्या नजरेने पाहाल तर सर्वात मोठी गोष्ट म्हणजे पाणी. लेण्यालेण्यापाशी कोरलेल्या पोढी आणि दगडातून काढलेल्या पन्हळी. पावसाचा थेंब न थेंब साठवून वर्षभर पुरवण्याची ही सोय होती. ज्या समाजाला १९२७ साली महाडला तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाच्या मुलांना ही पोढी जवळ नेऊन दाखवाच. मात्र आज ते पाणी पिऊ नका. साठलेल्या पाण्याने जुलाब, कावीळ होऊ शकते. माणशी किमान दोन लिटर पाणी घरून न्यावे.

गेल्या डिसेंबरात एका रविवारी आम्ही वस्तीतली अकरा मुले-मुली घेऊन तिथे गेलो. नऊ जणांनी सायकली भाड्याने घेतल्या. दोन मुलांनी स्वतःच्या सायकली टेम्पोतून आणल्या होत्या. दाराजवळ तपासणी केली तेव्हा त्यातल्या एकाने पुढचा ब्रेक स्वतःच काढून टाकलेला निघाला. त्याला आम्ही सांगितले, "चढ चढ, पण उतरताना सायकल हातात धरून चालायचे." तो तासभर फुगून बसला. शेवटी एका मुलीने आपली सायकल त्याला अर्ध्या उतारापुरती दिली आणि तेवढा वेळ त्याची सायकल हातात धरून ती चालली. दुसऱ्या आठवड्यात त्याने ब्रेक बसवून घेतला आणि आम्हाला दाखवायला आणला. उड्डाणपुलावर आमचे कितीही बोलणे त्याने ऐकले नसते.

निघण्याआधी

पाऊस ओसरल्यावर, म्हणजे अश्विन पौर्णिमेनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. भिक्खूसुद्धा आषाढ पौर्णिमेपासून चारिका थांबवून वर्षावासाला बसतात. आपणही पावसाळ्यात शेवाळलेल्या उतारावर सायकल घालू नये. ओले ब्रेक उशिरा धरतात. एप्रिल-मे मध्ये उन्हाचा त्रास होतो.

सायकल हातात घेतल्यावर पाच गोष्टी तपासा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, चाक फिरता कामा नये. मागच्या ब्रेकचेही तसेच. ब्रेकची दांडी हँडलला टेकेपर्यंत येत असेल तर ती सायकल परत करा. टायर अंगठ्याने दाबून पाहा. पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल हलवा, ते सैल नको. सीटवर बसल्यावर पायाची बोटे जमिनीला टेकली पाहिजेत.

हेल्मेट सायकलचे हवे. भुवयांच्या दोन बोटे वर ते बसावे, हनुवटीखालच्या पट्ट्यात एक बोट जाईल इतकेच सैल असावे. मागे सरकवून कपाळ उघडे ठेवलेले हेल्मेट निरुपयोगी. जोराने आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये, आतला फोम चेपलेला असतो. प्रत्येक घराला विकत घेणे परवडणार नाही. मंडळाने वर्गणीतून सहा हेल्मेट घेऊन बुद्ध विहारात ठेवली तर सगळ्या वस्तीला पाळीपाळीने पुरतील.

दमा असलेल्याने पंप खिशात ठेवावा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्याने सोबत साखर-ग्लुकोज न्यावे आणि उपाशी निघू नये. हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. चढावर चक्कर आली, धाप लागली, ओठ पांढरे दिसले तर उतरून सावलीत बसावे. आपल्या मुलींमध्ये रक्त कमी असण्याचे प्रमाण मोठे आहे. अशी दमणारी मुलगी आळशी नसते, तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. गिरणीत हयात घालवलेल्या आजोबांनाही घरी ठेवू नका. त्यांना गाडीने वर न्या, वंदनेला सगळे एकत्र असावेत.

उतरताना

वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणून वेग आधीच ताब्यात ठेवायचा.

दोन्ही ब्रेक एकत्र, हलके हलके दाबा. फक्त पुढचा जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. फक्त मागचा दाबून धरला तर चाक घसरते. सतत दाबून ठेवले तर ब्रेक तापतात. दाबा, सोडा, दाबा. तथागतांनी सोण या भिक्खूला वीणेच्या तारांचे उदाहरण दिले होते: फार ताणलेली नको, फार सैलही नको. मुलांना हे सांगितले की ब्रेक लगेच समजतो.

वळणावर वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नव्हे. पॅडल समांतर ठेवा, गुडघे-कोपर थोडे वाकवा, नजर पुढच्या चाकावर नको, दूर रस्त्यावर हवी. कडेच्या वाळूवर आणि वाळक्या पानांवर चाक घसरते. दोन सायकलींत दहा-पंधरा हात अंतर ठेवा. सर्वात पुढे आणि सर्वात मागे मोठे माणूस हवे. डांबरी रस्ता सोडून जंगलातल्या पायवाटेवर सायकल घालू नका. ते बिबट्याचे घर आहे. उन्हे कलण्याआधी खाली या.

मुलींविषयी

निघण्यापूर्वी दोन घरांतून निरोप आला: "मुलीला नको, तिला काही झाले म्हणजे?" या 'काही'चा अर्थ सगळ्या आयांना कळतो, म्हणून स्पष्ट लिहितो. योनीमुखाजवळचा पातळ पडदा प्रत्येकीचा वेगळा असतो. खेळताना, धावताना, सायकल चालवताना तो ताणला जाऊ शकतो. त्याचा चारित्र्याशी काहीही संबंध नाही आणि त्यावरून कोणत्याही मुलीची परीक्षा होऊ शकत नाही. सायकलमुळे गर्भाशय सरकत नाही. पाळीतही सायकल चालवता येते, पोटात दुखत असेल तर तिने स्वतः ठरवावे. खरी काळजी ओढणीची घ्या. ती चाकात किंवा साखळीत अडकली की गळ्याला फास बसतो. ओढणी काढून पिशवीत ठेवा, सलवारीचा पाय बांधून घ्या.

पडल्यावर

खरचटले तर जखम भरपूर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, माती-खडी काढा, स्वच्छ कापड बांधा. हळद, चुना, टूथपेस्ट, चहाची पूड लावू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते ते दवाखान्यात सांगा.

मनगट किंवा खांद्याजवळचे हाड दुखत असेल, हात हलवता येत नसेल तर ओढणीची झोळी करून हात गळ्यात बांधा आणि एक्स-रे काढा. चोळू नका, ओढू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका.

डोक्याला मार लागला असेल तर पुढचे २४ तास लक्ष ठेवा. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटका, कान-नाकातून रक्त किंवा पाणी, लहान-मोठी बाहुली यांपैकी एक जरी दिसले तरी तडक रुग्णालय गाठा.

लहान मुलांत एक मार हमखास दुर्लक्षिला जातो: पडताना हँडलचे टोक पोटात घुसणे. वरून फक्त गोल वळ दिसतो, पण आत यकृत, प्लीहा, स्वादुपिंड किंवा आतड्याला इजा झालेली असू शकते. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पोट दुखते, उलटी होते, मूल पांढरे पडते. "हँडल पोटात लागले" हे शब्द डॉक्टरांना मुद्दाम सांगा. ते ऐकले की तपासणीची दिशा बदलते.

माकडाने चावले किंवा ओरबाडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. खाऊ पिशवीत बंद ठेवला तर ही वेळ सहसा येत नाही.

रुग्णवाहिकेसाठी १०८ फिरवा. बोरिवलीच्या बाजूला कांदिवलीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महापालिका रुग्णालय (शताब्दी) आहे. आपल्या भागात परळचे के.ई.एम. आणि शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आहे. मुलांना एकच गोष्ट वारंवार सांगा: पडलास तर घरी सांग, मार मिळणार नाही. मार खाण्याच्या भीतीने लपवलेली डोक्याची जखम जिवावर बेतते.

विहारातून सुरुवात करा

वर्षातून एकदा कान्हेरीला गेल्याने रोजचा प्रश्न सुटत नाही. मुलांना वस्तीजवळ मैदान हवे, सायकलसाठी सुरक्षित रस्ता हवा. त्यासाठी नगरसेवकाकडे आणि पालिकेच्या वॉर्ड कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या, त्यावर मुलांच्याही सह्या घ्या.

तोवर एवढे करता येईल. येत्या रविवारी वंदनेनंतर वस्तीतल्या सगळ्या सायकली विहारासमोर उभ्या करा. सायकल दुरुस्त करणाऱ्या एखाद्या भावाला बोलवा. ज्या सायकलींना ब्रेक नाहीत त्यांची यादी करा आणि ते बसवायचा खर्च मंडळाने उचलावा. पोरांना सांगा की ज्याचे दोन्ही ब्रेक चालतात त्याचे नाव कान्हेरीच्या यादीत. आमच्याकडे या वर्षीची यादी सुरू झाली आहे. त्यात सात मुली आहेत.

जय भीम!